खारबंदिस्तीपासून कांदळवनापर्यंत

नसरापूरच्या फाट्यावरून आत वळले, मार्गासनी मागे टाकली, की विंझर येते. पुण्याची मंडळी राजगडाला किंवा तोरण्याला जाताना या गावी चहापुरती थांबतात. आम्हीही गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामातील काही कुटुंबे घेऊन तसेच थांबलो होतो. भाताची लावणी जोरात होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, बांधाबांधावरून उतरणारे पाणी आणि समोर ढगांत अर्धवट बुडालेला तोरणा, असे दृश्य होते. आमच्याबरोबर वसईकडच्या एक वृद्ध बाई होत्या. त्या बराच वेळ शेताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "फादर, इथले पाणी गोड आहे. यांना उघाडी नको, बाहेरचा बांध नको. किती सुखी माणसे ही!"

विंझरच्या शेतकऱ्याला हे वाक्य ऐकवले असते तर त्याने हसून आपल्या अडचणींची यादी पुढे केली असती, यात शंका नाही. परंतु बाईंच्या बोलण्यातला भाव आम्हांला कळला, कारण आमचे आजोळही खाजणकाठचे. समुद्राच्या पाण्याला बांध घालून त्यामागे भात पिकविणारा माणूस दर अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची वेळ मोजत असतो. हे मोजणे पिढ्यान्पिढ्या चालले, आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्नही तितकाच जुना आहे. आज सरकार समुद्रकाठच्या निसर्गाच्या संवर्धनासाठी व पुनरुज्जीवनासाठी अनुदाने देते. ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटते. वस्तुतः किनाऱ्यावर सरकारी पैसा ओतला जाण्याचा इतिहास फार मागे जातो. फरक एवढाच, की पूर्वी तो पैसा समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी होता आणि आता काही अंशी तो समुद्राला आत येऊ देण्यासाठी आहे. ही उलटापालट कशी झाली, आणि मधल्या मध्ये कोण भरडला गेला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

विंझरचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. विंझरच्या परिसरात पडणारे पाणी गुंजवणी-कानंदीच्या खोऱ्यांतून नीरेला मिळते, नीरा नरसिंगपूरपाशी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. पण याच तालुक्याच्या पश्चिम कडेला, केळदजवळच्या मढे घाटात उभे राहिले तर पाणी दुसरीकडे उडी घेते. ते महाडच्या बाजूला उतरून सावित्रीला मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० मध्ये सिंहगडाहून उमरठ्याला याच घाटाने नेला, असे परंपरा सांगते. याच वाटांनी कोकणचे मीठ बैलांच्या पाठीवरून वर येई. बाणकोटच्या खाडीत जो गाळ साचतो, ज्यात कांदळ आणि तिवर मूळ धरतात, त्यातला मोठा भाग सह्याद्रीच्या अंगावरची माती आहे. डोंगरावर काय घडते याचा हिशेब खाडीत लागतो.

दुसरा संबंध राज्यकारभाराचा. राजगड हे सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांचे राजधानीचे ठिकाण होते. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तेव्हा स्वराज्याची मसलत याच खोऱ्यात चालत असे. म्हणजे आज ज्या सिंधुदुर्गाभोवती सागरी अभयारण्य आहे, त्या किल्ल्याच्या चिऱ्यांचा आणि चुन्याचा हिशेब एके काळी राजगडावर पोचत होता. पुढे पेशवाईनंतर या भागाचा मोठा प्रदेश भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात राहिला, आणि त्या संस्थानाचा एक तालुका, सुधागड, घाटाखाली कोकणात होता. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले. तोवर पाली-सुधागडच्या रयतेची गाऱ्हाणी घाट चढून भोरला येत होती. घाटमाथा आणि कोकण ही दोन जगे आहेत असे आपण शाळेत शिकतो. ती समजूत कारभाराच्या इतिहासाला धरून नाही.

किनाऱ्याच्या शेतीला सरकारने पैसा द्यावा, या विचाराचा एक जुना आणि विश्वसनीय पुरावा म्हणून शिवाजी महाराजांचे ५ सप्टेंबर १६७६ चे पत्र दाखविता येईल. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ते लिहिलेले आहे. ज्या कुणब्याला बैल नाही त्याला बैलासाठी रोख पैसे द्यावे, खावयास धान्य द्यावे, त्याच्याकडून जेवढी जमीन होईल तेवढी करून घ्यावी, आणि दिलेल्या रकमेवर वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल, तेही त्याला झेपेल तसे हळूहळू वसूल करावे, असा त्याचा आशय आहे. ते पत्र खाजणांविषयी नाही, हे कबूल केले पाहिजे. तथापि पडजमीन लागवडीस आणावयाची तर आरंभीचा भार सरकारने घ्यावा, हे त्यातले तत्त्व पुढे कोकणच्या खारजमिनींना नेमके लागू झाले. खाजण उठविणे म्हणजे पहिली काही वर्षे निव्वळ खर्च. बांध घालावा, उघाडी बसवावी, दोन-तीन पावसाळ्यांनी मीठ धुऊन जाऊ द्यावे, आणि मग कोठे रता भाताचे पहिले पीक यावे. म्हणून कौल देण्याची पद्धत होती: आरंभी सारा माफ, मग थोडा, मग वाढता, आणि शेवटी पूर्ण. आजच्या भाषेत याला अनुदान म्हणता येईल, फक्त ते रोख न देता सूट देऊन दिले जाई.

इंग्रजांनीही हीच रीत उचलली. खारजमीन उठविणाऱ्यास पहिली दहा वर्षे सारा नाही, पुढची वीस वर्षे नाममात्र आकार आणि तीस वर्षांनंतर पाहणीप्रमाणे पूर्ण आकार, असे पट्टे मुंबई इलाख्यात देण्यात येत. पण आम्हांला याहून मोलाची वाटते ती पेण-अलिबाग भागातली शिलोत्री पद्धत. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात तिचे वर्णन आहे. ज्याने समुद्राकडचा बांध घातला तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध सांभाळण्याची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल बांधामागच्या जमिनीवर बिघ्यामागे एक मण धान्य घेण्याचा हक्क त्याचा. सरकारचा सारा वेगळा. शिलोत्रीदार म्हणजे देवमाणूस होता असे कोणी समजू नये. त्याने मण वसूल केला आणि बांधाकडे पाठ फिरवली, अशा तक्रारी होत्याच. परंतु या पद्धतीत एक शहाणपण होते. बांध हा एकदा बांधून मोकळे होण्याचा विषय नाही, हे तिने ओळखले होते. खेकडा रोज भोक पाडतो, उंदीर पाडतो, भरती रोज दोनदा ढोसते. म्हणून दुरुस्तीचा पैसाही दरवर्षी, पिकाबरोबर, पिकातूनच निघे.

खारेपाटात याला जोड होती ती जोळाची. जोळ म्हणजे एका बांधामागे ज्यांची शेते आहेत त्यांचा गट. बांधाला खांड पडली की जोळातल्या प्रत्येक घरातून माणूस निघावयाचा, मध्यरात्र असो की लग्नघर असो. आमच्या लहानपणी वसईच्या बाजूला असे बोलावणे आलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. आजोबा ताटावरून उठले होते. खाडीकडून गारठलेला वारा येत होता, माणसे कमरेइतक्या पाण्यात ओळीने उभी राहून चिखलाची ढेकळे हातोहात पुढे देत होती, आणि कोणीतरी मोठ्याने ओहोटीची वेळ सांगत होता. सकाळी घरी आल्यावर त्यांच्या हातांना पडलेले शिंपल्यांचे काप आजीने हळद लावून बांधले. ही कामगिरी कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदली गेली नाही.

गोव्यात हेच काम गांवकरीने केले. तेथील खाजणे सुमारे १८,००० हेक्टर भरतात. बांध, मानस म्हणजे पाणी सोडण्याचे दार, आणि आतली पोंय, या तिघांवर ती व्यवस्था उभी होती. पोर्तुगीज आले तेव्हा ती जुनीच होती. १५२६ साली आफोंसो मेशिया याने गांवकरांच्या रूढींची जी सनद नोंदवून ठेवली, तिच्यामुळे आपल्याला तिचे स्वरूप कळते. नव्या राज्यकर्त्यांनी धर्म बदलला, देवळांच्या जागी चर्चे उभारली, पण खाजणाची व्यवस्था मोडण्याचे धाडस केले नाही, कारण ती मोडली असती तर साराच बुडाला असता. गांवकरीच्या उत्पन्नातून बांध चाले, मानसीवरच्या मासेमारीचा लिलाव होई, आणि गावच्या चर्चचा खर्चही त्यातूनच निघे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुळे गोव्यात आहेत त्यांना 'कोमुनिदाद' हा शब्द घरचाच वाटेल. हे दोन्हीही, चर्च आणि मानस, एकाच पेटीतून चालत होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

मग स्वातंत्र्य आले आणि कुळकायदा आला. या विषयावर लिहिताना लेखणी जपून चालवावी लागते, कारण कुळकायद्याने लक्षावधी कष्टकऱ्यांना न्याय दिला. कुलाबा जिल्ह्यातच चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले. ती लढाई खारेपाटातच लढली गेली. तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण कायदे करणाऱ्यांच्या एक गोष्ट पुरेशी ध्यानात आली नाही. जमीन कुळाची झाली, परंतु बाहेरचा बांध कोणाचा झाला? शिलोत्रीदाराला आता मण मिळणार नव्हता, तेव्हा तो बांधाकडे कशाला फिरकेल? आणि कुळाजवळ चार बिघ्यांचे धान्य, त्यातून मैलभर बांध कसा उभा राहावा?

सरकारला हे अगदीच कळले नाही असे नाही. १९४८ सालीच, म्हणजे मुंबई कुळवहिवाट कायद्याच्याच वर्षी, मुंबई खारजमीन कायदा झाला. खारभूमीच्या योजना हाती घेण्यासाठी मंडळ स्थापन झाले. खर्चाचा काही भाग सरकारने सोसावा आणि काही भाग जमीनधारकांकडून घ्यावा, अशी योजना होती. पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांची कामे शासनाने आपल्या अंगावर घेतली. पाटबंधारे खात्यात खारभूमीचे विभाग निघाले, पेणला कचेरी आली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारे पाणी सोसणाऱ्या भातांच्या 'पनवेल' नावाच्या जाती काढल्या. हे सारे चांगलेच झाले. परंतु सरकारी यादीतील बांध आणि यादीबाहेरचे खाजगी बांध असा भेद राहिला. यादीतल्या बांधाची दुरुस्ती निधी येईल तेव्हा. यादीबाहेरच्या बांधाची दुरुस्ती ज्याची त्याने करावी. जोळ मात्र तोवर विरघळले होते. 'सरकार करील' हे वाक्य एकदा गावात शिरले की रात्री पाण्यात उतरणारी माणसे कमी होतात. मुले कारखान्यांत, कचेऱ्यांत, आखातात गेली होती, हेही खरे.

गोव्यात तेच घडले, फक्त थोडे उशिरा. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा झाला, जमिनी कुळांकडे गेल्या, बांधांची देखभाल कुळांच्या संघांकडे सोपविण्यात आली. बांधदुरुस्तीला सरकारी साहाय्य मिळू लागले. पण मानसीच्या लिलावातून मिळणारा पैसा भाताच्या उत्पन्नाहून गोड लागू लागला, आणि मासळीसाठी दारे नको तेव्हा उघडी राहू लागली. शेतात खारे पाणी भरले. कोरगुट भात पिकविणारी शेते एकामागून एक पडली.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. ज्या झाडांना कापून खाजणे उठविली त्या कांदळवनांची किंमत सरकारच्या लक्षात यावयास फार वर्षे लागली. १९९१ च्या फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि कांदळवने पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आली. कागदावर. मुंबईच्या भोवताली भराव पडतच राहिले. वसईत याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. तिची आठवण या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. फादर २०२४ च्या जुलैत निवर्तले. शेवटी ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला राज्यभर मनाई केली, आणि २०१८ च्या सप्टेंबरात अंतिम निकालाने ती पक्की केली. सरकारी जमिनीवरची कांदळवने वनखात्याकडे द्यावी, भोवतालचे पन्नास मीटर सोडावे, असे ठरले. २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ साली कांदळवन प्रतिष्ठान. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान देण्यात आला.

आणि येथून पैसा उलट्या दिशेने वाहू लागला. सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण सुविधा निधी, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि केंद्र सरकार यांच्या साहाय्याने किनारी व सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ च्या एप्रिलमध्येच जाहीर झालेले होते: २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात ३.१८ गाभ्याचे. मच्छिमारांनी त्याला विरोध केला, कारण त्यांना न विचारता त्यांच्या समुद्रावर रेघ ओढली गेली होती. तो विरोध आजही पुरता शमलेला नाही. पुढच्या प्रकल्पाने ही चूक ओळखली असावी. बचत गटांना खेकडापालन, शिंपलेपालन, सुधारित भातलावणी यांसाठी मदत दिली गेली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्त्रियांनी होडीतून कांदळवन दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला. ज्या झाडांच्या लाकडावर आजी चूल पेटवीत असे, ती झाडे नात वल्हे मारीत पाहुण्यांना दाखविते, हे चित्र आम्हांला आवडले.

२०१७ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना काढली. गावात सहव्यवस्थापन समिती करावी, कांदळवन राखावे, आणि त्याबदल्यात उपजीविकेच्या कामाला अनुदान मिळवावे: गटाला खर्चाच्या ९० टक्के, एकट्या व्यक्तीला ७५ टक्के. पुढच्या वर्षाच्या अखेरीस आणखी एक लहानशी पण आमच्या मते फार शहाणी योजना आली. जाळ्यात कासव, देवमासा किंवा बहिरी मोरी असा संरक्षित जीव सापडला आणि मच्छिमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. येथे उपदेश नाही, परिषद नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला नुकसान भरून दिले. समुद्रावरच्या माणसाला जीव सोडावासा वाटत होताच. आड येत होते ते जाळ्याचे मोल.

मोठ्या रकमाही आल्या. हरित हवामान निधीने २०१८ साली आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लक्ष डॉलरचे अनुदान मंजूर केले. गंमत अशी, की आंध्रातील कृष्णेच्या मुखावरची कांदळवनेही अशा प्रयत्नांच्या कक्षेत येतात, आणि विंझरचे पाणी जाते ते तिकडेच. जे उरते ते. कारण वाटेत आणि पुढे कृष्णेवरच्या मोठमोठ्या धरणांत पाणी अडते आणि गाळही अडतो, आणि खाली त्रिभुज प्रदेशाला त्याची चणचण भासते. वर धरणाला पैसा, खाली धरणाने उपाशी ठेवलेल्या किनाऱ्याला पैसा. धरणे नकोत असे आमचे म्हणणे नाही. बारामती-फलटणची शेती भाटघरच्या पाण्यावर उभी आहे. हिशेब मात्र दोन्ही वह्यांत पाहावा.

२०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मिष्टी' नावाची योजना जाहीर झाली. पाच वर्षांत ५४० चौरस किलोमीटर कांदळवनांची लागवड व पुनरुज्जीवन हे तिचे उद्दिष्ट. तिच्या पैशाचा एक मोठा मार्ग म्हणजे भरपाईवनीकरणाचा निधी, म्हणजे रस्ते, पूल, खाणी यांसाठी जंगल तोडले तेव्हा तोडणाऱ्याने भरलेली रक्कम. एका ठिकाणचे तिवर तोडल्याच्या पैशातून दुसऱ्या ठिकाणी तिवर लावावयाचे. हे अजिबात न करण्यापेक्षा बरे, एवढेच आम्ही म्हणू. शिवाय लावावयाचे कोठे, हाही प्रश्न आहे. उघडी चिखलवट म्हणजे रिकामी जागा असे शहरातल्या माणसाला वाटते. कोळणीला विचारा. ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या वेचण्याची तिची जागा तीच, आणि परदेशी पाणपक्ष्यांची पंगतही तेथेच बसते. रोपांच्या संख्येचा आकडा अहवालात भरावयाचा म्हणून तेथे रांगा लावल्या तर रोपेही मरतात आणि शिंपल्याही जातात. कांदळवनाला पुष्कळदा लागवड नकोच असते. अडविलेले पाणी मोकळे केले की बी आपसूक वाहत येते.

आणि येथेच दोन्ही इतिहास एकमेकांना भिडतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांप्रमाणे महाराष्ट्रातील कांदळवन २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होते, २०१७ साली ३०४, २०२१ साली ३२४, आणि २०२३ च्या अहवालात ३१५. ही मोठीच वाढ. कांदळवन कक्षाच्या राखणीचे व लागवडीचे श्रेय त्यात आहेच. पण पेण-अलिबागच्या शेतकऱ्याला विचारले तर तो वेगळे बोट दाखवील. बांधाला खांड पडली, दुरुस्ती झाली नाही, भरतीबरोबर बी आले, आणि चार-पाच वर्षांत शेताचे वन झाले. आता तेथे कुऱ्हाड लावणे गुन्हा. बांध घालावयाचा तर परवानगी हवी. सात-बारावर नाव त्याचे, आणि त्या जमिनीवर रता पिकविण्याचा हक्क मात्र भरतीने नेला. राज्याच्या अहवालात जो आकडा शोभून दिसतो त्यातला काही हिस्सा कोणाच्या तरी बुडालेल्या शेताचा आहे.

आमच्या मामांचे असेच झाले. बांध खाजगी, यादीबाहेरचा. एका भाद्रपदातल्या उधाणात तो फुटला. मामांनी कचेरीत अर्ज दिला. 'तुमची योजना शासकीय नाही' असे उत्तर दुसऱ्या वर्षी आले. तिसऱ्या वर्षी त्यांनी भावकी गोळा करण्याचा प्रयत्न केला; सात जण आले, त्यांतले पाच साठीच्या पुढचे. खांड आठ हातांची होती ती तोवर वीस हातांची झाली होती. मग तिवर उगवले. मामा आयुष्याच्या शेवटपर्यंत त्याला 'रान माजले' असेच म्हणत. आम्ही एकदा त्यांना कांदळवनाचे महत्त्व सांगू गेलो. मासळीची पिल्ले मुळांत वाढतात, लाटांचा मारा कमी होतो, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे सगळ्यांच्या फायद्याचे आहे ना? मग शेत माझ्या एकट्याचे का गेले?" आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. इतकी वर्षे जुने कागद चाळल्यावरही असे म्हणता येते, की शिलोत्रीच्या मणापासून जाळ्याच्या भरपाईपर्यंत ज्या ज्या व्यवस्था टिकल्या त्यांनी मामांचा हा प्रश्न आधी सोडविला होता, आणि ज्यांनी तो बाजूला सारला त्या अभिनिवेशाने सुरू होऊन निधीबरोबर संपल्या. तीन किंवा पाच वर्षांचा प्रकल्प संपला की फलक उरतो. खेकडा मात्र पुढेही भोके पाडतच राहतो, आणि कांदळवनालाही राखणदार दर वर्षी लागतो.

मामांचा मुलगा आता त्या जागेवर खेकडापालन करावे म्हणतो. तारेची कुंपणे, पिल्ले, खाद्य, सगळ्याचा अंदाज त्याने काढला आहे. गट झाला तर ९० टक्के, एकटा राहिला तर ७५, हेही त्याला पाठ आहे. गट करण्यासाठी तो ज्या घरांच्या पायऱ्या झिजवतो आहे, ती बहुतेक जुन्या बांधकरी घरांतलीच आहेत. विंझरहून परततांना त्या वृद्ध बाईंना आम्ही हे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न केला तो अनुदानाविषयी नव्हता. उघाडीवर रात्री कोण झोपणार, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते.